‘अ’ अजून संपलेला नाही

पुण्यात रिक्षावाल्याला घाईत नुसतं ‘डेक्कन’ म्हटलं, तर तो सरळ डेक्कन जिमखान्यावर नेऊन उतरवतो. डेक्कन कॉलेजला जायचं असेल तर ‘येरवड्याचं’ हे आवर्जून सांगावं लागतं. १९८१ साली मी भाषाशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं तेव्हा हीच गत होती, आणि पुण्यात मेट्रो आली तरी ती बदललेली नाही. त्यातून ‘कॉलेज’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला : ‘तिथे सायन्स साइड आहे का?’ माझ्या आत्याला तर शेवटपर्यंत वाटत होतं, की भाचा तिथे वकिली शिकतोय.

वकिली नाही, सायन्स नाही, कॉमर्स नाही. पुरातत्त्व, भाषाशास्त्र, संस्कृत आणि कोशशास्त्र, एवढ्यावर उभं असलेलं हे विद्यापीठ. १९९०मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आमच्या वेळी पदवी पुणे विद्यापीठाची असायची आणि शिकणं येरवड्याला. माणूस बोलतो कसा, पूर्वी राहत कसा होता, त्याने लिहून काय ठेवलं, या तीन प्रश्नांपलीकडे इथे फारसं काही शिकवत नाहीत. पोट भरण्याच्या दृष्टीने तिन्ही प्रश्न तेव्हाही कुचकामी समजले जात आणि आजही समजले जातात.

आमच्या वेळचे आम्ही दोघं-तिघं भेटलो, की गाडी ‘आता तिथे काही राम राहिला नाही’ या स्टेशनावर हमखास येते. गेल्या काही वर्षांत कामानिमित्त तिथे पुन्हा जाणं-येणं सुरू झाल्यापासून मला ते वाक्य तितक्या ठसक्यात म्हणता येत नाही. राम आहे. मात्र तो पूर्वी जिथे होता तिथे कमी आहे आणि पूर्वी जिथे नव्हता तिथे दिसायला लागला आहे.

आधी इमारतीचं सांगतो, कारण सगळ्यांच्या आठवणी तिथेच सुरू होतात आणि बऱ्याचदा तिथेच संपतात. काळ्या दगडाची, टोकदार कमानींची गॉथिक वास्तू. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभी राहिलेली. कॉलेज तिथे १८६८मध्ये गेलं. टिळक आणि आगरकर इथलेच विद्यार्थी. टिळकांची खोली जपून ठेवलेली आहे आणि शाळेच्या सहली ती बघायला येतात. केरूनाना छत्रे टिळकांना गणित शिकवायचे. कॉलेजमागच्या टेकड्यांवर फिरताना टिळक-आगरकरांनी सरकारी नोकरी न करता शाळा काढण्याचे मनसुबे रचले आणि १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, हे मराठी माणसाला पाठ असतं. आमच्या वेळी त्या बाजूला संध्याकाळी फिरायला जाता येत असे. आता तिकडे पाहिलं तर वस्ती, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या आणि पलीकडे कल्याणीनगरची काचेची ऑफिसं.

टिळकांच्याही आधीची गोष्ट मात्र फार कुणी सांगत नाही, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ही संस्था मुळात शहरातली. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पेशवाई गेल्यावर त्या रकमेचं काय करायचं, हा प्रश्न कंपनी सरकारच्या एल्फिन्स्टनपुढे आला. त्या दक्षिणेतलाच काही भाग वापरून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झालं. शिकवायचं ते शास्त्र, शिकणारे ते ब्राह्मण. पुढे कॉलेजचे प्रमुख मेजर कँडी यांच्या अमलात मराठी आणि इंग्रजी आली, १८५१मध्ये त्याचं पूना कॉलेज झालं, १८६४मध्ये डेक्कन कॉलेज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला याच दक्षिणेवरून पुण्यात मोठा वाद पेटला. हा पैसा मराठी ग्रंथांना बक्षिसं देण्यासाठी वापरावा, असा अर्ज सुधारकांनी केला, सनातनी खवळले आणि अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले. म्हणजे विद्येवर कुणाचा हक्क आणि ती कुणाच्या भाषेत द्यायची, हे भांडण या संस्थेच्या पायातच चिणलेलं आहे. ‘समाजाशी नातं’ वगैरे शब्द हल्ली प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात असतात. इथे ते नातं भांडणातून सुरू झालं.

१९३४मध्ये सरकारने पैशाचं कारण देऊन कॉलेज बंदच केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले. देणगीदाराने दिलेली वास्तू शिक्षणासाठी आहे, ती अशी मोडीत काढता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा. खटला लढवला, टिकवला, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून डेक्कन कॉलेज पुन्हा उघडलं. आपण माजी विद्यार्थी म्हणून काय करतो? व्हॉट्सॲपवर ग्रुप काढतो आणि सकाळी फुलं पाठवतो.

१९३९नंतरची तीस-पस्तीस वर्षं हा खरा सुवर्णकाळ, आणि इथे स्मरणरंजनाला मुभा आहे. सुमित्र मंगेश कत्रे, हसमुख सांकलिया, इरावती कर्वे एका छताखाली. सांकलियांनी महाराष्ट्राची प्रागैतिहासिक बाजू अक्षरशः खणून काढली. नाशिक, जोर्वे, नेवासे आणि नर्मदेकाठी नावडातोली, अशी नावं एकामागून एक येत गेली. संगमनेरजवळच्या जोर्व्याचं नाव एका संपूर्ण संस्कृतीला मिळालं. त्याआधी महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून सुरू होतो, असं समजत. इथल्या मातीत त्यांच्याही आधी हजारभर वर्षं शेतकरी नांदत होते, हे या लोकांनी कुदळ मारून दाखवलं.

मी भाषाशास्त्राचा, पण पुरातत्त्ववाल्यांशी दोस्ती होती. हिवाळ्यात एका रविवारी त्यांच्याबरोबर इनामगावला गेलो. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. तिथलं उत्खनन १९६८ला सुरू झालं होतं आणि १९८३पर्यंत चाललं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून तिथे माणसं राहत होती आणि सुमारे नऊशे वर्षं राहिली. चौकोनी खड्डे, कडा सुरीने कापल्यासारख्या उभ्या, आणि कडेवर मातीच्या थरांना अडकवलेल्या चिठ्ठ्या. एका खड्ड्यात घराची जमीन उघडी पडली होती. जमीन म्हणजे आपल्या आजीच्या घरात असते तशी चोपलेली, सारवलेली. त्याच जमिनीखाली ही माणसं आपली मेलेली तान्ही मुलं पुरत : दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि आत मूल. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. मेलेला माणूस उठून निघून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा कयास. एक पुरुष तर चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला सापडला, तोही पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात. गावचा मुखिया असावा, असं मानतात. काम करणारे गडी इनामगावचेच. मातीचा रंग बदलला की पोरांच्या आधी ते थांबायचे. आमच्यातल्या एकाने एका म्हाताऱ्या गड्याला विचारलं, ‘बाबा, हे घर कुणाचं असंल?’ तो शांतपणे म्हणाला, ‘आमचंच की.’

आता मला खटकतं ते इथे सांगतो. त्या उत्खननाचा अहवाल १९८८मध्ये जाडजूड इंग्रजी खंडांतून आला. जगभरच्या अभ्यासकांनी त्याची वाखाणणी केली आणि ती रास्त होती. पण ‘आमचंच की’ म्हणणाऱ्या माणसाच्या हाती त्यातलं काय लागलं? मजुरी, आणि पुण्याचे लोक आमच्या शेतात हाडं शोधायला आले होते, ही आठवण. म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्ववाल्यांनी मराठीतही लिहिलं म्हणून बरं. नाहीतर आमच्या काळातलं बरंच ज्ञान गावातून निघून, इंग्रजी होऊन, कपाटात बसलं.

इरावतीबाई याला अपवाद. त्या १९७०मध्ये गेल्या, म्हणजे आम्ही त्यांना पाहिलेलं नाही. पण त्यांच्या गोष्टी आवारात इतक्या फिरत, की पाहिल्यासारखं वाटायचं. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई ही त्यांची ख्याती. ‘युगान्त’ सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांनी जय निंबकरांबरोबर केलेली कोयना धरणग्रस्तांची पाहणी फार थोड्यांना. ती १९६९मध्ये प्रसिद्ध झाली. धरणाची वीज मुंबईला गेली, पण जी गावं पाण्याखाली गेली त्यांतल्या लोकांचं पुढे काय झालं, हे घरोघर जाऊन विचारणारी ती पाहणी. ‘पुनर्वसन’ हा चळवळीचा शब्द व्हायच्या आधी येरवड्याच्या या इमारतीतून हे काम झालं होतं. आज डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र-मानवशास्त्राचा विभाग नाही. माझ्या मते या संस्थेची सगळ्यात मोठी हानी ती आहे. इमारतीच्या गळक्या कौलांबद्दल हळहळणारे लोक मला भेटतात, या विभागाबद्दल हळहळणारं कुणी भेटत नाही.

शिकवण्यापुरतं म्हणाल तर आमची चैन होती. वर्गात बाकं भरपूर आणि पोरं मोजकी. अशोक केळकर ध्वनिविचारापासून काव्यापर्यंत कुठूनही कुठेही जात आणि आपण वाटेत कुठे सुटलो ते घरी गेल्यावर कळे. चहाला दोन तास लागत आणि तोही अभ्यासक्रमाचाच भाग होता, असं मला आजही वाटतं. आज तिथल्या मुलांच्या मागे सत्रांचं, श्रेयांकांचं आणि हजेरीचं झेंगट आहे, चहा उभ्याउभ्या. पण हीच मुलं वर्गातच रेकॉर्डिंग उघडून स्वराचा आलेख पडद्यावर काढून दाखवतात, ज्याच्यासाठी आम्ही प्रयोगशाळेच्या एकमेव यंत्राभोवती रांग लावायचो. आणि वर्गाकडे नजर टाकली तर पहिली गोष्ट जाणवते : मुली भरपूर, बंगाल-केरळ-ईशान्येकडची मुलं, विदर्भ-मराठवाड्यातून घरातली पहिलीच एम.ए. होणारी मुलं. दोनशे वर्षांत काही झालंच नाही, असं म्हणणाऱ्याने विश्रामबागवाड्यातला तो पहिला वर्ग आठवावा आणि मग हा वर्ग बघावा.

आता कोशाकडे येतो. बाहेरून पाहुणा आला की त्याला तिकडे न्यायचं, ही आमची जुनी रीत होती. कत्र्यांच्या डोक्यातून १९४८मध्ये निघालेली कल्पना : संस्कृतमधल्या प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा इतिहास सांगणारा कोश. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ विद्वानांनी ओळीओळीने वाचले आणि शब्द चिठ्ठ्यांवर उतरवले. वेद, व्याकरण, वैद्यक, शिल्प, हत्तींचं आणि घोड्यांचं शास्त्र, काही सोडलं नाही. हे वेचणीचं काम पाव शतक चाललं आणि चिठ्ठ्या भरल्या सुमारे एक कोटी. पोलादी खणांत त्या अजून आहेत. एक खण ओढून पाहा : पोस्टकार्डाहून लहान कागद, वरच्या कोपऱ्यात शब्द, खाली ज्या वाक्यात तो आला ते वाक्य, ग्रंथ, ओळ, कुठे टीकाकाराने दिलेला अर्थ. अक्षर दर काही चिठ्ठ्यांनी बदलतं. एकाचं मोत्यासारखं, एकाचं घाईचं, एकाने शाईचा डाग पडल्यावर त्याच्याभोवती पेन्सिलीने नीट वर्तुळ काढलेलं. या बहुतेक माणसांची नावं कोशाच्या मुखपृष्ठावर आलेली नाहीत.

पहिला भाग १९७६मध्ये अ. मा. घाटग्यांच्या संपादनाखाली निघाला. आजवर पस्तीसच्या आसपास भाग झाले आहेत आणि मजल ‘अ’च्या पुढे गेलेली नाही. हे ऐकून लोक हसतात. हसण्याआधी एक लक्षात घ्या, संस्कृतात ‘अ’ लावून नकार होतो, त्यामुळे अर्धी भाषा त्या एका अक्षराच्या दारातून आत शिरते. प्रत्येक शब्दाचे दाखले काळाच्या क्रमाने लावायचे, अर्थ कधी पालटला ते ठरवायचं, वैद्यकातला अर्थ आणि न्यायशास्त्रातला अर्थ वेगळे काढायचे, हे काम घड्याळ लावून होत नाही. तरीही केवळ कामाच्या स्वरूपाला दोष देऊन सुटका नाही. पूर्वीच्या मानाने संपादक मूठभर उरले, निवृत्त झालेल्यांच्या जागा वेळेत भरल्या गेल्या नाहीत आणि शास्त्रग्रंथ मुळातून वाचू शकणारा तरुण मिळणंही दुर्मीळ झालं. चिठ्ठ्या संगणकावर घेतल्या, शोध सोपा झाला. पण चिठ्ठी पाहून ‘इथे अर्थ वळतोय’ हे ओळखायला माणूसच लागतो, आणि त्या माणसाला पगार लागतो. आमच्या काळाशी तुलना करता संशोधनाचं बळ घटलं, हे मी मान्य करतो, आणि त्याचं खापर कंत्राटी नेमणुकांवर समाधान मानणाऱ्या धोरणावर फोडतो. मोठी कामं थांबली मात्र नाहीत. हरियाणातल्या राखीगढीला या संस्थेनेही उत्खनन केलं, आणि तिथल्या एका सांगाड्याच्या जनुकांवरचा निबंध २०१९मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा टीव्हीवर महिनाभर त्यावर भांडणं चालली. पुरातत्त्वाच्या नशिबी आमच्या वेळी इतका गोंगाट नव्हता. तेवढी शांतता तरी परत मिळावी.

आणि आता ते, ज्याच्यामुळे ‘राम राहिला नाही’ म्हणताना माझी जीभ अडखळते. घाटग्यांनी कोशाआधी एक मोठं काम केलं होतं, मराठीच्या बोलींच्या पाहणीचं. साठच्या दशकात राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पुस्तकं काढली : कुडाळी, महाडच्या कुणब्यांची बोली, ठाण्याची वारली. आमच्या वेळी ग्रंथालयात ती पातळ पुस्तकं हाताळायला मिळत. उत्तम काम, पण सगळं इंग्रजीत आणि ध्वनिचिन्हांत. कुडाळच्या माणसाला कुडाळीवरचं पुस्तक दिलं असतं, तर त्याला ते वाचता आलं नसतं. आवाज तर नव्हताच; टेपा कुठे असतीलच तर त्या कुलपात.

२०१७च्या सुमारास डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने बोलींची पाहणी नव्याने हाती घेतली. ही विकास संस्था उभी राहण्यात केळकरांचा वाटा होता, हा योगायोग मला आवडतो. सोनल कुलकर्णी-जोशी आणि त्यांचे सहकारी जिल्ह्याजिल्ह्यांत, गावागावांत गेले. वेगवेगळ्या वयाच्या, जातीच्या, शिक्षणाच्या बायका-पुरुषांना चित्रं, वस्तू, छोटे प्रसंग दाखवायचे आणि ते आपल्या घरात जसे बोलतात तसंच बोलू द्यायचं. मुलग्याला काय म्हणता? कुठे झील, कुठे पोट्टा, कुठे ल्योक. ‘मी भाकरी खाल्ली’ हे बाई कशी म्हणते, पुरुष कसा म्हणतो? शिकलेल्या माणसाला ‘शुद्ध सांगू का?’ म्हणायची भारी हौस असते. त्याची ती हौस मोडून घरचं बोलणं काढून घेणं हे पहिलं कौशल्य, असं तिथल्या एका मुलीने मला सांगितलं. ती स्वतः लातूरकडची. पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडायला बिचकायची, आता तिच्या गावच्या बोलण्यावर तिचा शोधनिबंध आहे.

यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे हे सगळं मराठीत, नकाशांसकट आणि मूळ आवाजासकट संगणकावर खुलं आहे. पासवर्ड नाही, फी नाही, शिफारसपत्र नाही. मोबाइलवर चालतं. आमच्या काळात हे सुचलंही नसतं. सुचलं असतं तरी ‘सामान्य वाचकाला काय करायचंय त्याचं?’ असं म्हणून कुणीतरी बाजूला सारलं असतं.

तेव्हा माझ्या पिढीच्या माजी विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे. इमारतीचे फोटो पुरे झाले. पुढच्या वेळी आवारात गेलात तर संग्रहालयात दोन शाळकरी पोरांना घेऊन जा आणि इनामगावचे रांजण दाखवा. कोशाच्या रिकाम्या जागांबद्दल मंत्रालयात पत्रं लिहा. १९३४च्या मंडळींनी खटला लढवला होता, आपल्याला एक अर्ज लिहायला हरकत नाही. आणि ज्यांनी डेक्कन कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नाही त्यांनी ‘मराठी बोलींचे सर्वेक्षण’ असं शोधून आपला तालुका काढावा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून ऐकावं. ते माणूस दोन मिनिटांत चुका काढायला लागेल. त्या लिहून ठेवा आणि येरवड्याला कळवा.